नवतप्यातली वाकळ

सिंदी मेघेत जिजाबाईला ओळखत नाही असा माणूस त्या काळी नव्हता, आणि तिच्याशी एकदा तरी भांडला नाही असाही फारसा कोणी नव्हता. अंगाने काटकुळी, आवाजाने खणखणीत. कपाशीच्या हंगामात ती वर्ध्याच्या एका जिनात सरकी उपसायला जायची, एरवी मिळेल ते काम करायची. विहिरीवर कोणी तिच्या भावाबद्दल वाकडा शब्द काढला की घागर तिथेच ठेवून पदर खोचायची. "माहा भाऊ येडा नाई," हे तिचं ठरलेलं वाक्य. ते ऐकून बाया पदराआड हसत, आणि जिजाबाईला ते हसणं दिसत असे.

भावाचं नाव चिंधू. आधीची पोरं जगली नाहीत, म्हणून आईने याचं नाव चिंधू ठेवलं. चिंधीवर कशाला कोणाची नजर जाते! पोर जगलं खरं, पण आईच गेली. जिजा तेव्हा जेमतेम परकर सावरण्याच्या वयाची. तिने भावाला कडेवर घेतलं ते खाली ठेवलंच नाही म्हणा ना. पुढे आष्टीकडे तिचं लग्न झालं. नवरा काही वाईट नव्हता. एकदा रागाच्या भरात तो एवढंच बोलून गेला, की तुला मी पाहिजे का तुझा भाऊ ते ठरव. बायको असं काही ठरवेल असं त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल. हिने दुसऱ्या दिवशी लुगड्याचं गाठोडं बांधलं आणि सिंदीची वाट धरली. समजवायला आलेल्या मामाला म्हणाली, "त्याले दुसरी भेटंन. चिंध्याले दुसरी बहीण कुठून आनू?"

चिंधू मोठा झाला तो कवेलू फेरण्यात तरबेज. पावसाळ्याआधी घराघरांवरची कवेलं, म्हणजे कौलं, उतरवायची, फुटकी निराळी काढायची, वासे झटकायचे आणि पुन्हा एकेक कवेलू बसवून द्यायचं, हे काम वैशाखाच्या उन्हातच येतं. वजनदार माणसाच्या पायाखाली कवेलं कडाकड मोडतात. चिंधू मात्र मांजरासारखा चालायचा. गुणगुणत काम करायचा आणि वरूनच खाली जाणाऱ्या पोरींची थट्टा करायचा. त्याच्या हाताचं छप्पर गळलं अशी तक्रार कोणी केली नाही.

लग्नाचं बघायला सुरुवात झाली आणि त्या वर्षीच त्याचं डोकं फिरलं. आधी झोप उडाली. मग कोणाशी तरी बोलत बसायला लागला. आणि एका सकाळी अंगातले कपडे काढून फेकले, "मले जाळून राह्यले, मले जाळून राह्यले" म्हणून ओरडत अंगणातल्या रांजणातलं पाणी अंगावर ओतून घेतलं आणि तसाच गावभर धावत सुटला. त्यानंतर झटका आला की दर वेळी हेच. आधी कपडे, मग पाणी, मग धावणं. अशा वेळी त्याला बहीण ओळखू येत नसे. तो तिला शिव्या द्यायचा, ढकलून द्यायचा.

लोकांना उपाय पाठ होते. कोणी म्हणे साखळीने खांबाला बांध. भगताने मिरच्यांची धुरी दिली, तेव्हा चिंधूचे डोळे आठवडाभर सुजून होते. जिजाबाईने भगताच्या अंगावर त्याचीच सुपारी भिरकावली आणि भावाला घरी आणलं. बांधायला ती काही केल्या तयार होईना. भाऊ म्हणजे काही बैल नव्हे. तिने आपली एक निराळीच रीत काढली. लहानपणी तो भ्याला की ती त्याला आईच्या लुगड्यांच्या वाकळीत गुंडाळून छातीशी धरायची. आता झटका आला की तेच करायची. आतल्या खोलीत न्यायची, दार लावून घ्यायची, वाकळ त्याच्याभोवती घट्ट लपेटायची आणि स्वतः त्याच्यावर आडवी पडून राहायची. तो लाथा मारायचा, चावायचा. तिच्या दंडांवर दातांचे वण होते. पण काही वेळाने तो सैल पडायचा, घामाघूम होऊन झोपायचा आणि उठला की विचारायचा, "बाई, तुह्या हाताले का झालं वं?" ती म्हणायची, "कवेलू लागलं."

मग ती नागपूरची दीक्षा झाली. आख्खी वस्ती गेली, जिजाबाईही गेली, चिंधूला हाताशी धरून. परत आल्यावर तिने घरातले देव टोपलीत घातले आणि धाम नदीत सोडून आली. बऱ्याच जणींचे हात त्या वेळी थरथरले होते, हिचे नाहीत. भगताचा राग होताच पोटात. "आता धुऱ्या नाई अन् अंगारे नाई," तिने सांगून टाकलं. "माह्या भावाले मी डाक्टरकडं नेईन."

वर्ध्यात रेल्वेलाइनच्या अलीकडे डॉक्टर प्रभाकररावांचा दवाखाना होता. मध्यम वयाचा, मऊ बोलण्याचा माणूस. त्यांनी चिंधूला पुष्कळ वेळ तपासलं, जिजाबाईला पुष्कळ प्रश्न विचारले आणि सांगितलं की सर्पगंधेच्या मुळीपासून एक नवी गोळी निघाली आहे, ती देऊन बघू. उतार पडला तर बरंच, नाहीतर मग नागपूरच्या पागलखान्याचा विचार करावा लागेल. तिथे गेलेला त्यांच्या वस्तीतला एकही माणूस परत आला नव्हता. त्या दिवसापासून तिचा सगळा जीव एवढ्या एका गोष्टीवर टांगलेला होता, की चिंधूने शहाणं राहावं आणि घरी राहावं.

आणि गोळीने गुण दिला! असा दिला की विहिरीवरच्या बायांची तोंडं बंद झाली. चिंधू झोपायला लागला, जेवायला लागला. थोडा मंद झाला होता, नाक चोंदलेलं असायचं, हाका मारल्या तर जरा उशिराने ओ द्यायचा. पण झटका नाही. जिजाबाई गोळ्यांची बाटली फडताळात वर ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हाताने गोळी द्यायची. गोळी चुकली असं कधी झालं नाही.

त्या हिवाळ्यात एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. पहाटे चिंधूच्या अंगाला हात लावला की अंग गारठलेलं लागायचं, चुलीत विझलेल्या राखेसारखं. पण तो कुडकुडत नसे, अंगावर काटा येत नसे, पांघरूणही मागत नसे. जिजाबाईला वाटलं, अशक्तपणा असेल. तिने तीच वाकळ त्याच्या अंगावर घातली आणि विसरून गेली. थंडीचं काय, येते आणि जाते. डॉक्टरांना सांगण्यासारखं त्यात काही आहे असं कोणाला वाटलं असतं?

उन्हाळा लागला तसा चिंधू स्वतःहून म्हणाला, "बाई, मी कवेलू फेरतो पुन्हा." जिजाबाईने त्या दिवशी गोड भात केला. पण काम द्यायला कोण तयार होणार! छपरावर झटका आला तर? ती दारोदार फिरली. शेवटी किराणा दुकानवाल्या महादेवरावांनी होकार दिला, तोही तिच्या कटकटीला कंटाळून. पहिल्या दिवशी ती कामाला न जाता त्यांच्या दुकानासमोरच्या निंबाखाली बसून राहिली. चिंधू वर चढला. पावलं जरा जड पडत होती, पण कवेलू मोडलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला ती वर बोट दाखवून सांगत होती, "माहा भाऊ हाय थो." जणू गावाला ठाऊकच नव्हतं! त्या दिवसाइतकी सुखी ती आयुष्यात कधी झाली नसावी, आणि हे लिहितानाही वाटतं की गोष्ट इथेच थांबवता आली असती तर बरं झालं असतं.

काम रेंगाळत नवतप्यात, मेच्या अखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांत, गेलं. नवतपा म्हणजे काय हे वर्ध्याच्या माणसाला सांगायला नको. त्या दिवसांत कवेलूवर हात ठेववत नाही, चिमण्या उडता उडता पडतात, आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. शहाणे गडी ऊन चढलं की उतरतात, डोक्याला दुपट्टा बांधून सावलीत बसतात. सोबतीला लावलेले गडी उतरले. चिंधू वरच राहिला. "ऊन लागून नाई राह्यलं का रे तुले?" खालून कोणी तरी ओरडलं, तर तो म्हणाला, "काई नाई वाटत." खरंच वाटत नव्हतं त्याला. सगळ्यांचे सदरे घामाने चिंब होते आणि त्याचा सदरा कोरडा ठणठणीत होता. हेही लोकांना नंतर आठवलं. नंतर सगळ्यांना सगळंच आठवतं.

जिजाबाई घरापुढच्या सपरीत तांदूळ निवडत होती. चिंधू अंगणात आला तो तोल जात, डोळे लाल, चेहरा तांब्यासारखा. तिच्याकडे न बघता त्याने सदरा फाडून काढला, धोतर सोडलं आणि रांजणाकडे धाव घेतली. गडूने नाही, रांजणच कलता करून त्याने पाणी अंगावर ओतून घेतलं. "जळून राह्यलो वं... जळून राह्यलो..."

तिच्या हातातलं सूप खाली पडलं. आधी कपडे, मग पाणी. आता धावणं तेवढं राहिलं होतं.

शेजारची सुमित्राबाई बाहेर येऊन ओरडली, "अवं माय, आला वं चिंधूले झटका!" बघता बघता कुंपणापाशी गर्दी जमली. समोरचा तानबा म्हणाला, "देव नदीत फेकले तवाच म्या सांगतलं होतं. आता पाटलाले कळवा अन् धाडा त्याले नागपूरले. गावात पोरीबाळी हायेत."

नागपूर हा शब्द कानावर पडला मात्र, जिजाबाई वाघिणीसारखी उठली. "कोनाच्या बापाची हिंमत हाय पाटलाले सांगाची?" म्हणून तिने तानबाला गप्प केलं, भावाच्या कमरेला हात घालून त्याला आत ओढलं आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. तो पायाने अडखळत होता. अंग भट्टीसारखं लागत होतं, पण झटक्यात त्याचं अंग नेहमीच गरम लागायचं. तिने फडताळातली बाटली काढली. सकाळची गोळी दिलेली होती, तरी आणखी एक त्याच्या तोंडात घातली. मग वाकळ काढली.

त्या खोलीला खिडकी नव्हती. वर पत्रा होता. तिने त्याला गळ्यापासून पायापर्यंत लपेटलं, भिंतीशी निजवलं आणि दोन्ही हातांनी कवटाळून त्याच्यावर पडून राहिली.

"बाई," चिंधू म्हणाला, "सोड मले. आंग जळून राह्यलं माह्यं."

"हो रे राजा. आता शांत होशीन."

"पानी दे, बाई."

"देतो. आधी निज. बाहेर लोक हायेत, थे तुले नेतीन. निज माह्या लेकरा."

तो या वेळी चावला नाही, त्याने शिव्या दिल्या नाहीत. तिला वाटलं, गोळीमुळे झटका हलका आहे. तिला बरंच वाटलं. काही वेळ तो हातपाय हलवत राहिला, काहीबाही पुटपुटला, मग सैल पडला. अंगाला घाम तेवढा नव्हता. ती स्वतः मात्र नखशिखान्त भिजली होती. बाहेरचा आवाज ओसरला, माणसं पांगली. जिजाबाईने मनातल्या मनात डॉक्टरांना दुवा दिला, गोळीला दुवा दिला. पाटलाला कोणी कळवलं नव्हतं. चिंधू वाचला होता. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पदराने वारा घातला आणि उन्हं उतरेपर्यंत ती तशीच बसून राहिली. लहानपणी म्हणायची तसलं काही तरी ती गुणगुणतही होती.

बसल्या जागेवरून हात लांबवून तिने दार उघडलं, उजेड आत आला तेव्हा तिने त्याचा चेहरा पाहिला. तिच्या हाका ऐकून सुमित्राबाई धावत आली, तिने त्याच्या नाकाशी हात धरला आणि जिजाबाईच्या मांडीवरून ते डोकं हळूच उचलून खाली ठेवलं. जिजाबाई म्हणत होती, "हळू वं, उठंन थो." ती बराच वेळ तेच म्हणत होती.

वस्तीने मग आपापली उत्तरं शोधली. तानबा म्हणाला, देवीचा कोप. हे ऐकून जिजाबाईने त्याच्या दारात जाऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिच्यापाशी तिचं स्वतःचं उत्तर होतं. वेड परत आलं होतं आणि ते वेड त्याला घेऊन गेलं. नागपूरला नाही गेला, घरात गेला, बहिणीच्या मांडीवर गेला. ज्याला उपायच नव्हता त्याला आपण काय करणार? एवढ्या एका समजुतीवर ती उठत होती, भाकरी थापत होती, विहिरीवर जात होती. कोणालाही टेकायला काही तरी लागतं. तिला एवढं पुरत होतं.

पुन्हा कापूस आला, जिनं सुरू झाली, आणि एके दिवशी कामावरून लवकर सुटल्यावर ती प्रभाकररावांच्या दवाखान्यात गेली. हातात गोळ्यांची बाटली होती. उरलेलं औषध उकिरड्यावर टाकायला तिचं मन धजेना. गुणाचं औषध होतं ते, दुसऱ्या कोणाच्या कामी आलं तर बरं. डॉक्टरांना चिंधू गेल्याचं ठाऊकच नव्हतं. ते म्हणाले, "कसा गेला?" आणि तिने सांगितलं. ते मधून मधून विचारत राहिले. छपरावर होता? घाम होता का? हिवाळ्यात कसा होता? ती सांगत राहिली, अंग गार पडायचं तेही सांगितलं, वाकळीचंही सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जिजाबाई," ते म्हणाले, "मला हे तेव्हा माहीत नव्हतं. अलीकडे परदेशातलं एक मासिक वाचत होतो, त्यात आलंय. माणसाच्या डोक्यात एक रस असतो, सेरोटोनिन म्हणतात त्याला. ही गोळी तो रस कमी करते, त्याने माणूस शांत होत असावा. पण अंग किती तापू द्यायचं आणि किती निवू द्यायचं, यावर जो पहारा असतो, त्यातही त्या रसाचं काम असावं असं लोकांना वाटायला लागलंय. गोळी दिलेल्या जनावरांचा तो पहारा सुटलेला दिसला. बाहेर थंडी असली की अंग थंड पडतं, बाहेर आग असली की अंगाची आग होते."

पुढे पुष्कळ वर्षांनी शास्त्रज्ञांनी याचा आणखी छडा लावला. मेंदूतल्या पेशींवर या रसाला धरणाऱ्या जागा असतात, त्यांना ग्राही म्हणतात. काही ग्राहींवर तो रस बसला की अंगाची ऊब उतरते, दुसऱ्या काहींवर बसला की चढते, आणि आपलं अंग बारमाही एकसारखं ऊबदार राहतं त्यात या ओढाताणीचाही हात असतो. त्या वेळी एवढं कोणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा प्रभाकररावांवर रागावण्यात अर्थ नाही. तरी राग येतोच. कळलं होतं तर कळलं होतं, त्या बाईला सांगायची काय गरज होती? पण ते सरळ मनाचे होते, आणि सरळ मनाच्या माणसांना गप्प बसणं जमत नाही.

जिजाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. रस, पहारा, जनावरं यातलं तिला किती कळलं कोणास ठाऊक. पण जे कळायला नको होतं ते नेमकं कळलं.

"मंग त्या दिवशी थो..." ती थांबली. "त्याले झटका नवता आला?"

"नसावा."

"थो कपडे फेकून राह्यला होता. पानी घेऊन राह्यला होता आंगावर."

"त्याला ऊन लागलं होतं, जिजाबाई. अंग भाजत होतं, म्हणून कपडे काढले. पाण्याने निवतं, म्हणून पाणी घेतलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं."

"म्हंजे थो शहाना होता."

आपण काय करून बसलो हे डॉक्टरांना आता समजलं असावं.

"मले बाई म्हनला थो," जिजाबाई म्हणाली. "सोड म्हनला. पानी दे म्हनला. येडेपनात त्यानं मले कधी बाई नाई म्हनलं." तिचा तो खणखणीत आवाज आता इतका बारीक झाला होता की डॉक्टरांना पुढे वाकून ऐकावं लागलं. मग एकदम तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. "डाक्टरसायेब, तुमी शिकलेले मानूस. तुमी म्हना का थो येडा होता. एक डाव म्हना. माह्या भावाले येडं म्हननाऱ्या साऱ्या गावाशी भांडली मी. तुमच्याशी नाई भांडत. म्हना."

प्रभाकररावांनी चष्मा उचलला, पुन्हा खाली ठेवला. बाहेरच्या बाकावर रोगी ताटकळत होते, कंपाउंडर दारात येऊन उभा राहिला होता, त्याला त्यांनी हाताने परत पाठवलं.

"होता," ते शेवटी म्हणाले. "त्या दिवशी वेडच होतं ते, जिजाबाई. मघाशी माझंच चुकलं असेल."

तिने टेबलाची कड सोडली.

"खोटं बोलून राह्यले तुमी," ती म्हणाली, आणि टेबलावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडायला लागली.